टेलिफोटो लेन्सने टिपा फुलपाखरं आणि चतुर

पाऊस ओसरू लागला की सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठी सकाळी सकाळी फेरी मारा. गवतात चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक किडे), रुईवर फुलपाखरं. छोट्या गोष्टी अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स नाही म्हणून कॅमेरा घरी ठेवून जाऊ नका. पक्ष्यांसाठी घेतलेली ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स या कामाला छान चालते. उघड्या माळावर तर मला तीच जास्त आवडते, कारण आपण लांब राहतो आणि आपली सावली किड्यावर पडत नाही.

आधी घरी नाणं ठेवून बघा

प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं, त्याच्या आत फोकस लागतच नाही. कॅननच्या ५५-२५० एसटीएम लेन्सचं ते ८५ सेंटिमीटर आहे. हे अंतर पुढच्या काचेपासून नाही, सेन्सरपासून मोजतात. बहुतेक कॅमेऱ्यांवर वरच्या बाजूला गोल आणि त्यातून जाणारी रेघ अशी खूण असते, सेन्सर त्या रेषेत असतो.

दहाचं नाणं टेबलावर ठेवा, झूम पूर्ण लांबवा आणि मागेपुढे होत सगळ्यात जवळून फोकस लागतो ती जागा शोधा. नाणं २७ मिलिमीटरचं आहे. फ्रेमच्या रुंदीत अशी तीनेक नाणी मावली, तर तुम्हाला साधारण ८ सेंटिमीटरचा पट्टा मिळतो. रुईवर येणारं काळ्या काठाचं नारिंगी फुलपाखरू पंख पसरून ७-८ सेंटिमीटर भरतं. म्हणजे त्याच्यासाठी आणखी काही विकत घ्यायची गरज नाही.

लेन्सवर फोकसचा पल्ला ठरवणारं बटण असेल तर ते ‘फुल’वर आहे ना, हे बघून घ्या. नाहीतर जवळचं काहीच पकडणार नाही.

टाचणीसाठी काय लावावं

तीन सेंटिमीटरची टाचणी मात्र फ्रेममध्ये हरवते. अशा वेळी बरेच जण एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी घेतात, पण लांब लेन्सवर तिचा उपयोग थोडाच. ३६ मिलिमीटरची ट्यूब ५०च्या लेन्सला ०.७२ पट जादा मोठेपणा (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या किती पट, ते) देते, ३००च्या लेन्सला जेमतेम ०.१२. त्यापेक्षा पुढे स्क्रूने बसणारी +२ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखी) क्लोज-अप लेन्स घ्या. लेन्स अनंतावर ठेवली की साधारण अर्ध्या मीटरवर फोकस लागतो, आणि ३०० वर सुमारे ०.६ पट मोठेपणा मिळतो. दोन काचा जोडलेलीच घ्या. एका काचेच्या स्वस्त फिल्टरने कडांना रंग फुटतात. ती लावलेली असताना लांबचा पक्षी टिपता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

माळावर

उजाडताच पोहोचा. गवतावर दव असतं, किडे गारठलेले असतात, चटकन उडत नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावूनच हळूहळू पुढे सरका. जवळ गेल्यावर हात वर उचलला की फुलपाखरू गेलंच.

ॲपर्चर एफ/८ ते एफ/११, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ ऑटो. एवढ्या जवळ लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) फारसं साथ देत नाही, म्हणून टेकू हवा. माझ्याकडे जुन्या सोलापुरी चादरीची शिवलेली पिशवी आहे, निम्मी ज्वारीने भरलेली. जाड विणीमुळे ती दगडावरून घसरत नाही आणि लेन्स ज्वारीत नीट रुतून बसते. उरलेली चादर पोटाखाली अंथरा, म्हणजे कुसळं टोचत नाहीत.

पंख मिटलेलं फुलपाखरू असेल तर सेन्सर पंखांना समांतर धरा. चतुर समोरून असेल तर फोकस डोळ्यावर. वाऱ्याने फांदी डुलत असेल तर फोकस स्थिर ठेवून पाठोपाठ सहा-सात फोटो घ्या, त्यातला एखादा अचूक निघतो.

आणि पार्श्वभूमी! टेलिफोटोची खरी मजा इथे आहे. किड्याचा आकार तेवढाच ठेवला तर मॅक्रो आणि टेलिफोटोत फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं ते अंतर, जवळजवळ सारखीच असते. पण लांब लेन्सला मागचा अगदी अरुंद तुकडा दिसतो. त्यामुळे वीतभर डावीकडे सरकलात की मागचं चमकणारं पाणी जातं आणि सगळीकडे वाळक्या गवताचा सपाट पिवळा रंग येतो. बटण दाबायच्या आधी हे सरकून बघाच.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलात तर ठरलेली वाट सोडून गवतात उतरू नका. तिथले बरेच पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वाटेच्या कडेच्या तरवडावरही टिपण्यासारखं पुष्कळ असतं.