कयाकसाठी लाकडी पट्ट्या निवडताना या चुका टाळा

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी. लाकडाच्या पातळ पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवून ती बनवता येते. पहिल्या कयाकचं लाकूड मी रंग बघून घेतलं. गडद लालसर फळी, एकही गाठ नाही, मन लगेच बसलं. पट्ट्या मधल्या भागात छान बसत गेल्या. टोकाशी पीळ द्यायची वेळ आली तेव्हा मात्र एकामागून एक तीन तडकल्या. तुटलेला तुकडा उजेडात धरला तेव्हा कारण दिसलं. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीने जातच नव्हत्या, तिरक्या होऊन वीतभरातच कडेबाहेर पडत होत्या. पट्टी असते जेमतेम 6 मिमी जाड. रेषा अशी मधेच बाहेर गेली की वाकवताना पट्टी नेमकी तिथेच सोडते.

म्हणून फळीचं रुंद तोंड बघून थांबू नका, ती आडवी करून कडही बघा. दोन्हीकडे रेषा लांबवर सरळ गेलेल्या हव्यात. शंका असेल तर एक पट्टी कापा आणि मोडेपर्यंत वाकवा. चांगली पट्टी आधी कमान घेते, मग लांब ढलप्या काढत तुटते. वाईट पट्टी खडूसारखी कट्कन मोडते.

दुसरी चूक जास्त पैसे मोजून होते. रुंद तोंडावर सरळ समांतर रेषा असलेली फळी महाग असते, आणि तीच उत्तम असं वाटतं. पण पट्टी आपण फळीच्या कडेवरून कापतो. फळीची 19 मिमी जाडी ही पट्टीची रुंदी होते, त्यामुळे तोंडं बदलतात. रुंद तोंडावर कमानी दिसणाऱ्या साध्या फळीतूनच सरळ रेषांच्या पट्ट्या निघतात. त्या ओलाव्याने रुंदीत कमी फुगतात आणि घासायलाही सोप्या जातात.

होडी म्हटलं की साग आठवतो. इथे तो नको. सागाचं वजन घनमीटरला साधारण 650 किलो, वेस्टर्न रेड सीडर या हलक्या अमेरिकी लाकडाचं 380च्या आसपास. शिवाय सागातल्या तेलामुळे इपॉक्सी, म्हणजे चिकटवायला वापरतात ती राळ, नीट धरत नाही. या बांधणीत ताकद आतबाहेरच्या फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाची असते, लाकूड फक्त मधला हलका गाभा. सीडर मिळत नसेल तर हलकं, सरळ रेषांचं पाइन किंवा स्प्रूस घ्या. नक्षीसाठी मऊ पट्ट्यांमध्ये कठीण लाकूड घालायचं असेल तर मोजकंच घाला. घासताना मऊ लाकूड भराभर झिजतं, कठीण तसंच राहतं, आणि पृष्ठभागावर हाताला लागतील अशा लाटा उठतात.

पूर्ण लांबीची पट्टी मिळेना म्हणून अडून बसू नका. जाडीच्या आठपट लांब तिरका सांधा, म्हणजे 6 मिमीला 48 मिमी, नीट चिकटवला की पट्टी अखंडासारखी वाकते. फक्त शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका.

ओलं लाकूड घेऊ नका. ओलावा 8 ते 12 टक्के असावा, नाहीतर सुकताना पट्ट्यांमध्ये फटी पडतात. कापताना मास्क लावाच, सीडरच्या भुशाने दमा होऊ शकतो.

आणि कापलेल्या पट्ट्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. सलग पट्ट्यांची जोडी डावीउजवीकडे लावली तर दोन्ही बाजूंचा रंग जुळतो. कापण्याआधी फळीच्या रुंद तोंडावर पेन्सिलीने एक लांब तिरकी रेघ मारा. नंतर पट्ट्या शेजारी ठेवून ती रेघ जुळवली की क्रम परत मिळतो.