समेच्या किंचित आधी

कथकचे फोटो काढायचे तर आधी ताल मोजायला शिका. तीनतालाच्या १६ मात्रा मनात चालू ठेवायच्या. तिहाई सुरू झाली की तोच तुकडा तीनदा येणार आणि शेवटचा 'धा' समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडणार. बटण त्याच्या किंचित आधी दाबा. शटर १/५०० सेकंद. फ्लॅश अजिबात नको, नाचणाऱ्याचे डोळे दिपतात. चक्करांना मात्र १/३० ठेवा, घेर धूसर फिरू द्या.

आईचा माझा सगळ्यात लाडका फोटो असाच मिळाला: सम गाठून ती थांबलेली, ओढणी अजून हवेत, घुंगरांखाली टाचेला अळत्याची फिकट रेघ. आता गुडघे तिला नाचू देत नाहीत. फोटो समोर ठेवून ती बोटांवर मात्रा मोजते.