शब्द चालीत बसेनात तेव्हा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. गिटार घेऊन दोन वर्षं झाली, पण स्वतःचं गाणं काही जमत नव्हतं. जी, सी, डी या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवत चाल आधी बांधायचो, मग 'कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच निघायची' अशी लांबलचक ओळ तिच्यात कोंबायचो. श्वास पुरायचा नाही.

गुरुवारच्या भजनात एकदा खंजेरी ऐकता ऐकता बोटांवर अक्षरं मोजली. मोठ्या अभंगाचं माप सापडलं: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. गिटार खुंटीला टांगली नि आधी नुसते शब्द बोललो:

पऱ्हाटीच्या तासी
माय येचे बोंड
घामेजलं तोंड
तिचं उन्ही

मग प्रत्येक चरणाला एक कॉर्ड दिली: जी, सी, डी, परत जी. शेवटी दोन अक्षरं कमी, तिथं जी नुसती घुमू दिली. तीच जागा मला सगळ्यात आवडते. सूर खाली जात होता, म्हणून कॅपो, म्हणजे सूर चढवणारा चिमटा, गिटारच्या दांडीवर दुसऱ्या फ्रेटला (पट्टीला) लावला.

मायला ऐकवलं. ती म्हणाली, "बोंड नाही रे, कापूस येचतो आपण." आता तो शब्द बदलायचा आहे, आणि 'तोंड'चं यमकही.