कूलंट कुठून गळतंय? आधी पुठ्ठा अंथरा
जुन्या पिकअपचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) दर आठवड्याला उतरतंय आणि मेकॅनिक थेट रेडिएटर बदला म्हणतोय? थांबा. रात्री गाडीखाली साधा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग नेमका कुठं पडलाय ते बघा. अगदी पुढं असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज, म्हणजे रबरी पाइप. फॅन बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथं टॉर्च मारा. वाळलेला ओघळ दिसला की सील गेलं समजा. ते भोक एम-सीलनं बुजवायचा शहाणपणा करू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

माझ्या गाडीत निघाला फक्त ढिला क्लॅम्प, म्हणजे होज आवळून धरणारी पट्टी. इंजिन गार असताना टपकायचं, तापलं की बंद. होजचं कडक झालेलं टोक अर्धा इंच कापलं, नवा क्लॅम्प आवळला, झालं.

पुठ्ठा कोरडा, तरी पातळी कमी? ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ साय आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या सीलचा संशय घ्या. गाडी टोचन करूनच न्या. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. टॉप-अपला बोअरचं पाणी नको, क्षार बसतात.