जैसलमेरला जाताना आणि तिथून निघताना: या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली की मला ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "ताई, जैसलमेरचं ठरवलंय, एकदा प्लॅन बघून सांगता का?" मी आवडीने बघते, कारण त्या गावावर माझा जीव आहे. बारा वर्षांत सात वेळा जाऊन आले. किल्ला, हवेल्या, वाळू यांबद्दल लोकांचा अभ्यास चांगला असतो. घोटाळा असतो पहिल्या आणि शेवटच्या दिवसात. पोचायचं कसं आणि निघायचं कधी, याचा विचार कुणी केलेलाच नसतो.

जैसलमेर हे वाटेवरचं गाव नाही. जोधपूर, फलोदी, पोखरण करत रूळ तिथे पोचतात आणि संपतात. पुढे वाळू आणि मग सीमा. त्यामुळे जयपूर किंवा उदयपूरसारखं "ही गाडी चुकली तर पुढची पकडू" असं तिथे चालत नाही. म्हणून माझा नियम एकच: सहलीची आखणी परतीच्या तिकिटापासून करायची.

आधी जायचं तिकीट, मग परतीचं

ही चूक सगळेच करतात. जायच्या उत्साहात जायचं तिकीट निघतं, हॉटेल बुक होतं, तंबू बुक होतो आणि परतीला "बघू नंतर". नंतर बघतात तेव्हा वेटिंग लिस्ट शंभरावर गेलेली असते. वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला थेट गाडी आहे, पण ती साप्ताहिक. बाकीच्यांना सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूरपर्यंत जाऊन पुढे रेल्वेने किंवा रस्त्याने जावं लागतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 2024 च्या नोव्हेंबरपासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा परतीच्या तारखेपासून उलटे 60 दिवस मोजा आणि त्या सकाळी तिकीट काढायला बसा. ते हातात आलं की मगच हॉटेलवाल्याला पैसे पाठवा.

विमानाचंही तसंच. जैसलमेरचा विमानतळ हवाई दलाच्या तळाला लागून आहे आणि तिथली उड्डाणं मुख्यतः हिवाळी वेळापत्रकातली, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चअखेरपर्यंतची. एप्रिलची सहल जानेवारीतल्या विमानांवरून आखू नका. सीमेवर ताण आला की हे विमानतळ बंदही होतात; मे 2025 मध्ये जैसलमेर आणि जोधपूर दोन्ही बंद होते. रद्द केल्यास पैसे परत न मिळणाऱ्या दराने हॉटेल घेऊन तीनशे-चारशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही, हे माझं पक्कं मत आहे. आणि तळावर उतरल्यावर मोबाइल खिशात ठेवा. तिथे फोटो काढायला मनाई आहे.

स्टेशनवरचं "वो होटल तो बंद हो गया"

ही चूक माझ्या घरातच घडली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आमची पहिली सहल. मी, नवरा, दोन मुलं आणि माझी आत्या. पोखरण सोडल्यावर डब्यात एक तरुण येऊन बसला. गोड बोलणारा, मुलांना चिक्की दिली, कुठून आलात, कुठे उतरणार, सगळं विचारलं. आम्ही हॉटेलचं नाव सांगून टाकलं. जैसलमेरला उतरलो तर रिक्षावाला म्हणाला, "साब, वो होटल तो सील हो गया, नगरपालिकावालों ने ताला लगाया है." डब्यातल्या त्या तरुणानेही मान डोलावली. पहाटेची वेळ, बोचरी थंडी, आत्या कुडकुडत होती. रिक्षावाल्याने दुसऱ्या हॉटेलात नेलं. 400 रुपयांत खोली! आम्हाला वाटलं, चला, उलट बरंच झालं.

संध्याकाळी मालक चहा घेऊन आले. सफारी कुठली घेताय? आम्ही म्हटलं, ठरलेली आहे, दुसऱ्यांकडे. चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दारावर थाप पडली. खोलीचं बुकिंग आहे, दहापर्यंत रिकामी करा. आत्या आंघोळीला गेलेली होती. ओल्या केसांनी, हातात पिशव्या घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. आणि तिथून पाच मिनिटांवर आमचं मूळ हॉटेल उघडं होतं. मालक दारातच उभे होते. "कल रात भर आपकी राह देखी," म्हणाले.

त्या 400 रुपयांच्या खोलीचा खर्च सफारीतून काढायचा, हा जुना धंदा आहे. रिक्षावाल्याला त्यात कमिशन. सगळे रिक्षावाले असे नसतात, हे मी सात सहलींनंतर खात्रीने सांगते. पण गाडीतून उतरल्या उतरल्या जो पहिला अंगावर येतो, तो बहुधा तसाच असतो. मी काय करते ते सांगते. आदल्या रात्री हॉटेलला फोन करून स्टेशनवर माणूस पाठवायला सांगते आणि त्याचं नाव विचारून ठेवते. माणूस नसेल तर रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव सांगतच नाही. गोपा चौक किंवा हनुमान चौराहा म्हणते, तिथे उतरते आणि पुढे चालत जाते. स्टेशनपासून गाव जेमतेम दोन किलोमीटर आहे. कुणी काहीही सांगो, हॉटेल बंद असल्याचं हॉटेलच्या दाराशी उभं राहून डोळ्यांनी बघायचं. आणि डब्यात कुणालाही हॉटेलचं नाव सांगायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो.

शेवटचं स्टेशन असल्याने उतरायची घाई करू नका. गर्दी ओसरू द्या. पाच मिनिटं बाकावर बसून मुलांना स्वेटर घाला, पाणी प्या. घाईत बाहेर पडणारा माणूस लांबूनच ओळखू येतो.

ट्रॉली बॅग घेऊन किल्ल्यात मुक्काम

जैसलमेरचा सोनार किल्ला 1156 मध्ये रावळ जैसलने बांधायला घेतला आणि तिथे आजही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यामुळे "किल्ल्यात राहायचं" या कल्पनेने लोक वेडे होतात. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे एकामागून एक चार दरवाजे, मधे वळणं, चढ आणि शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झालेला दगड. मोठी गाडी आत येत नाही. मागच्या खेपेला एक काका माझ्यासमोर दुसऱ्या दरवाज्यापाशी थांबले होते. बॅगेचं एक चाक निखळून हातात आलेलं, दुसऱ्या हातात काकूंची औषधांची पिशवी, आणि मागून गाय येत होती.

पण किल्ल्याखाली राहायला सांगते त्याचं कारण सामान नाही. किल्ला ज्या त्रिकूट टेकडीवर आहे तिच्या पोटात मऊ, मातकट थर आहेत. बांधला तेव्हा पाणी घड्याने मोजून वापरलं जायचं. आता हॉटेलांच्या न्हाणीघरांतलं पाणी त्या थरांत मुरतं, पाया सुटतो, आणि बुरूज ढासळलेले आहेत. 2013 पासून तो राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तो टिकावा असं ज्याला वाटतं त्याने आंघोळ खाली करावी. शिवाय किल्ल्यात राहणाऱ्याला किल्ला दिसत नाही. खालच्या हॉटेलच्या गच्चीवरून, उन्हं उतरताना तो पिवळ्याचा मधाळ होतो, ते बघा.

शेवटची रात्र वाळूत

आता माझी सर्वांत नावडती चूक. दहापैकी आठ प्लॅनमध्ये ती असते, कारण "सहलीचा शेवट तंबूत" हे ऐकायला छान वाटतं.

2017 चा डिसेंबर. आम्ही सहा जण, सासूबाईंसकट. बेत असा: शेवटची रात्र सम या गावाजवळच्या वाळूत, पहाटे सूर्योदय, मग जैसलमेर, सामान घेऊन गाडीने जोधपूर, तिथून दुपारी सव्वातीनचं विमान. कागदावर सगळं बसत होतं. नागपूरच्या सवयीने पावणेसहाला सगळ्यांना उठवलं. बाहेर काळोख. वाळूवर पाऊल ठेवलं तर ओल्या फरशीसारखी गार. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत तंबूतली रजई पांघरून बसल्या, दोन्ही तळहात चहाच्या ग्लासाभोवती घट्ट. साडेसहा झाले. काळोखच. सात झाले, नुसतं फिकट झालं. सूर्य वर आला तो साडेसातला.

आपलं सगळ्या देशाचं घड्याळ एक, पण जैसलमेर देशाच्या पार पश्चिम टोकाला. घड्याळ ज्या रेखांशावर चालतं त्यापासून ते इतकं दूर आहे की सूर्य पाऊण तास मागे चालतो. डिसेंबरअखेर नागपुरात पावणेसातला उजाडतं, तिथे साडेसातला. हा पाऊण तास आमच्या बेतात नव्हता.

मग सगळंच घसरत गेलं. नाश्ता आठला. जीपवाला साडेआठला. समपासून गाव चाळीसेक किलोमीटर. हॉटेलवरून सामान घेऊन निघालो तेव्हा पावणेदहा झालेले. जोधपूर तिथून 280 किलोमीटरच्या आसपास, रस्ता सुरेख, पण पाच तास धरावेच लागतात. पोखरणच्या पुढे टायर बसला. विमानतळाच्या दारात पोचलो तेव्हा दोन चाळीस. चेक-इनची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. विमान समोर उभं होतं आणि आम्ही सहा जण बाहेर. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त डब्यातला ठेपला मुलांना वाटला. दुसऱ्या दिवशीची सहा तिकिटं आणि मुक्काम मिळून 38,000 रुपये गेले.

तेव्हापासून वाळूतली रात्र पहिली किंवा मधली. शेवटची रात्र गावात, आणि ज्यांना जोधपूरहून विमान आहे त्यांनी शेवटची रात्र जोधपूरला. लोक म्हणतात, एक दिवस वाया जातो. जात नाही. तिथला मेहरानगड किल्ला बघायला तो दिवस कमीच पडतो.

सूर्यास्ताचीही हीच गत, फक्त उलटी. डिसेंबरात समला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. लोक हवेल्या बघून पाचला निघतात, तासाभराने पोचतात आणि उंटावर बसेपर्यंत अंधार पडतो. चारला तिथे हजर राहा. डीजेचा गोंगाट नको असेल तर समऐवजी खुरी गावच्या वाळूत जा.

थोडक्यात सांगण्यासारखं

निघायच्या दिवशी सीमेजवळचं तनोट-लोंगेवाला करू नका. तनोट नुसतं जायलाच 120 किलोमीटर आहे. लोंगेवालाची 1971 च्या लढाईची जागा बघायची तर अख्खा दिवस द्या. त्यापुढे सीमेपर्यंत जायला परवानगी लागते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि चौकशी आदल्या दिवशी करा.

जोधपूरहून संध्याकाळी गाडीने निघू नका. अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात, भादव्यात रामदेवऱ्याला पायी जाणारे हजारो भाविकही असतात.

स्वेटर बॅगेच्या तळाशी नको. दुपारी टी-शर्ट, रात्री दहा अंशांच्या खाली उतरलेला पारा, हे एकाच दिवसात होतं.

जूनचं स्वस्त पॅकेज घेऊ नका. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मुळीच नाही.

कॅमेरा, मोबाइल, चष्म्याचं घर वाळूत जाताना झिपच्या प्लास्टिक पिशवीत. बॅग वाळूवर टेकवायची नाही. चाकात गेलेली वाळू घरापर्यंत करकरते.

आणि परतीच्या सामानाचं वजन. हाबूरच्या दगडाच्या वाट्या सगळ्यांना हव्या असतात. पिवळट-तांबूस दगड, त्यात शिंपल्यांचे ठसे, आणि त्यात दूध ओतलं की विरजणाशिवाय दही लागतं असं तिथले लोक सांगतात. एक वाटी हातात घेऊन बघा, दीड किलोच्या आत क्वचितच भरते. चार घेतल्या की विमानातले पंधरापैकी सहा किलो संपले. एकच घ्या, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा. केर-सांगरी ही तिथली भाजी वाळवलेली घ्या, ती हलकी असते आणि घरी भिजत घालता येते. लोणचं घेतलंत तर हातातल्या बॅगेत ठेवू नका. तपासणीत बरणी काढून घेऊ शकतात. मागच्या वर्षी माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींची दोन किलोंची बरणी तशीच टेबलावर राहिली, झाकणाला त्यांनी स्वतः बांधलेल्या फडक्यासकट.