मंगळवारचं पाणी: मिठीच्या मुखाशी मोजणीची नोकरी

मुंबईच्या मिठी नदीवर काम करते असं सांगितलं की समोरचा आधी नाक मुरडतो, मग विचारतो, "नदी? तो नाला ना?" सुरुवातीला मी भांडायचे. आता एवढंच सांगते, की विहार तलावाच्या सांडव्यापासून निघून, पवई तलावाचं पाणी घेऊन, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी करत जेमतेम १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदीच आहे. शेवटच्या पट्ट्यात ती दिवसातून दोनदा उलटीही वाहते. या उलट्या वाहण्यानेच माझं पहिलं अख्खं वर्ष खाल्लं.

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर एका प्रकल्पात सहायक म्हणून लागले. काम ऐकायला सोपं होतं: ठरलेल्या पाच ठिकाणांहून दर आठवड्याला पाणी घ्यायचं, तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा मोजायचा आणि महिन्यातून एकदा गाळ काढायचा. आमची गाडी मंगळवारी मोकळी असायची, म्हणून वार मंगळवार. लोकल जरा रिकाम्या होतात, म्हणून वेळ सकाळी दहाची. "दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी" यापेक्षा शिस्तीचं काय असणार, असं मला वाटायचं.

तीन महिन्यांनी आलेख काढला तर करवतीचे दाते. एका मंगळवारी ऑक्सिजन बरा, पुढच्या मंगळवारी जवळजवळ शून्य, त्याच्या पुढच्या मंगळवारी परत बरा. मला तर शोध लागल्यासारखंच झालं. कोणीतरी आठवड्याआड सांडपाणी सोडतंय, अशा आशयाचं पानभर टिपण मी लिहूनही टाकलं. ते सरांकडे जाण्याआधी मुखाशी आमची होडी चालवणाऱ्या, माहीम कोळीवाड्यातल्या मामांना सहज बोलून दाखवलं. ते हसले. "पोरी, एका खेपेला तू दर्याचं पानी नेतेस नि दुसऱ्या खेपेला कुर्ल्याचं."

हिशेब साधा आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर पावणेसहा तासांच्या वर जातो आणि भरती ते ओहोटी हे अंतरही सहा तासांच्या थोडं पुढचं. म्हणजे या मंगळवारी दहाला भरती असेल तर पुढच्या मंगळवारी दहाला ओहोटी. माझी शिस्तच करवत तयार करत होती. ते टिपण मी फाडून टाकलं. आलेख मात्र अजून जपून ठेवलाय, नवीन मुलांना दाखवायला.

तेव्हापासून आमच्या नोंदवहीत तारीख आणि वेळेशेजारी दोन रकाने वाढले: भरतीनंतर किती वेळाने, आणि तिथी. तिथीचा रकाना पाहून एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "हे काय, पंचांग?" हो, पंचांगच. कोळ्यांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. छापील तक्त्याशी तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे अहवालात तक्त्याचीच वेळ जाते. पण पुलावर उभं असताना मोबाइल बंद पडला तर हा ठोकताळा उपयोगी पडतो. उधाण आणि भांग हे शब्दही शिकून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते फार हलत नाही. भांगाचा नमुना आणि उधाणाचा नमुना एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे.

वेळेची दुसरी गोम पावसाच्या आकड्यांत आहे. २६ जुलै २००५ ला मी कलिन्यात शाळेत होते आणि ती रात्र आम्ही शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर काढली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता, हे फार थोड्यांना. पण हवामान खात्याच्या दैनंदिन तक्त्यात तो आकडा २६ ला शोधलात तर सापडणार नाही. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात, म्हणून ९४४ आहे २७ जुलैपुढे. पावसाचा तक्ता आणि नदीच्या पातळीचा तक्ता डोळे झाकून शेजारी ठेवले तर आधी पूर आला, मग पाऊस पडला असं दिसतं. हसू नका, असे आलेख मी परिसंवादांत पाहिलेत. त्या दिवशी दुपारी जवळपास साडेचार मीटरची भरती होती आणि वरून येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. या मुखाशी पाऊस किती पडला याइतकंच तो कितीच्या ठोक्याला पडला हेही महत्त्वाचं असतं.

आता या साडेचार मीटरबद्दल. दर पावसाळ्यात बातम्या येतात, "आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार". लाटा नाहीत हो, ती भरतीची पातळी आहे, आणि तीही तक्त्याच्या शून्यापासून मोजलेली. हे शून्य नीचतम ओहोटीच्या जवळ धरलेलं असतं. सरासरी समुद्रपातळी मुंबईत त्याच्या साधारण अडीच मीटर वर. म्हणजे साडेचारची भरती सरासरी समुद्रपातळीच्या दोनेक मीटर वर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरच्या उंच्या सरासरी समुद्रपातळीपासून, महापालिकेच्या ड्रेनेजच्या नकाशांवरच्या टाउन हॉल डेटमपासून, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या शून्यापासून. तीन कागद, तीन शून्यं. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी भरतीच्या तक्त्यातून साडेचार घेतो, नकाशातून रस्त्याची तीन मीटर उंची घेतो आणि अर्धं कुर्ला महिन्यातून दोनदा बुडवतो. कुठलीही पातळी लिहिताना "कशापासून" हा शब्द आधी लिहा.

आमच्याही वहीत असा एक खड्डा आहे. पुलाच्या दुरुस्तीत पातळीची पट्टी काढली आणि पुन्हा बसवताना ती थोडी खाली बसली. कोणी लिहून ठेवलं नाही. दीड वर्षाने लक्षात आलं की खाडी एका रात्रीत कायमची चढलीय! त्या काळातली पातळी आम्ही आजही वापरत नाही. अपोलो बंदरची भरतीची नोंद १८७८ पासूनची आहे आणि समुद्र किती चढला हे सांगताना जगभरचे अभ्यासक ती वापरतात, ती नुसती जुनी आहे म्हणून नव्हे. मधल्या काळात काय बदललं याचा माग ठेवला गेला म्हणून. उपकरण बदलायचं झालं तर जुनं आणि नवं काही महिने शेजारी शेजारी चालवा. पैसे देणारे कुरकुरतात. कुरकुरू द्या.

पाण्याची पातळी मोजली की किती पाणी वाहतंय हे कळतं, असं पुस्तकात शिकवतात. वरच्या नदीत ते खरंही असतं. मुखाशी एकाच पातळीला पाणी बाहेर जात असेल किंवा आत येत असेल, म्हणून वेग वेगळा मोजावा लागतो. त्यात दर उन्हाळ्यात गाळ काढतात, पात्राचा आकारच बदलतो. गाळ काढण्याआधी आणि नंतर आडवा छेद मोजून ठेवा, नाहीतर गेल्या वर्षीचं गणित या वर्षी लागू पडत नाही.

प्रयोगशाळेतली माझी आवडती गोष्ट अजूनही ऑक्सिजनची जुनी विंकलर पद्धत. बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन तिथल्या तिथे दोन रसायनं टाकायची. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी, नसेल तर पांढरा. धारावीच्या पुलावर ओहोटीला पांढरा साका पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून तीनदा केलं. तिन्ही पांढरे. आता मीटर आहेत, पण मीटर क्षारतेचा हिशेब मागतो. तीस अंश तापमानाला लिटरभर गोड्या पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. मीटरमध्ये क्षारता शून्य ठेवून खाडीचं पाणी मोजलं की आकडा फुगतो आणि तो फुगलेला आकडा सगळ्यांना आवडतो, ही खरी अडचण.

चिखलाबद्दल पुस्तकं बोलत नाहीत. तिवरांच्या मुळांजवळ गाळ घ्यायला उतरताना गमबूट घालू नका, पाय निघतो आणि बूट तिथेच राहतो. घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे. कालवं पाय कापतात. जखम असेल तर त्या दिवशी उतरू नका. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती खरी आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. मुलींसाठी एक सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: बारा-तेरा तासांच्या मोजणीच्या दिवशी स्वच्छतागृह कुठे आहे हे नमुन्याच्या जागा ठरवतानाच ठरवा. आम्ही एक जागा चारशे मीटर सरकवली ती याच कारणाने, आणि वहीत तसं लिहिलंही आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. पर्यावरणशास्त्र, सागरी विज्ञान, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, स्थापत्य, कशातूनही येता येतं. नेट परीक्षा झाली असेल तर शिष्यवृत्तीची सोय होऊ शकते, नसेल तर प्रकल्प सहायकाच्या जागा निघतात. वर्सोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, पवईला आयआयटी, पुण्याजवळ खडकवासल्याला जल व विद्युत संशोधन केंद्र. यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सल्लागार कंपन्या पगार जास्त देतात. मीही दोन वर्षं अशा एका कंपनीत काढली. पण तिथे पर्यावरण आघाताचा अहवाल बहुधा एकाच हंगामाच्या मोजणीवर उभा राहतो आणि तो हंगाम पावसाळा सोडून. पूर येणाऱ्या नदीचा पावसाळा सोडून केलेला अभ्यास मला काही केल्या गळी उतरला नाही, म्हणून कमी पगारावर परत आले. घरचे अजून बोलतात.

गेल्या महिन्यात एक नवीन मुलगा लागला. हुशार आहे, कोडिंग येतं, माझ्या करवतीचा आलेख पाहून मनापासून हसला. पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी त्याने वही भरायला घेतली. तारीख, जागा, उपकरणाचा क्रमांक, सगळं नीट. तिथीचा रकाना कोरा. मी म्हटलं, मामांना फोन लाव. त्याने स्पीकरवर टाकला.

"उद्या पंचमी," मामा म्हणाले. "साडेनऊला या म्हनत असाल तर होडी चिखलात बसंल. जेवून या."