उष्णतेत टिकणारे मिश्रधातू आणि कठीणतेचा आकडा : या चुका टाळा

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या भट्ट्यांजवळ बरीच वर्षे काढल्यावर एक गोष्ट मला सतत खुपत आली आहे. नवा माणूस वितळलेल्या धातूत चिमूटभर काहीतरी टाकतो, थंड नमुन्यावर रॉकवेलचा, म्हणजे टोक दाबून मोजलेल्या कठीणतेचा, आकडा घेतो आणि तो वाढलेला दिसला की काम फत्ते झाले असे मानतो.

या समजुतीची किंमत मी स्वतः मोजली आहे. २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल असलेल्या पोलादाचे भट्टीचे ट्रे आम्ही ओतले होते आणि साच्यात धातू नीट वाहावा म्हणून सिलिकॉन मुद्दाम वाढवले होते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसवर काही महिने वापरल्यानंतर ट्रेची कठीणता वाढलेली आढळली. मालक खूश झाले आणि मीही मान डोलावली. पुढे मे महिन्यात भट्टी बंद केली असता थंड झालेला एक ट्रे साखळीतून जेमतेम फूटभर उंचीवरून निसटला आणि काचेच्या बांगडीसारखा फुटला. ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान लोह आणि क्रोमियम यांची सिग्मा नावाची कठीण व ठिसूळ अवस्था तयार होते आणि सिलिकॉन तिला खतपाणी घालते. ट्रे तापलेला असताना हा दोष झाकलेला राहतो. आता मी नमुना प्रत्यक्ष वापराच्या तापमानावर मुरवून, म्हणजे बराच काळ त्याच तापमानावर ठेवून, मग थंड करून त्याची आघात-चाचणी केल्याशिवाय कठीणतेच्या आकड्याकडे पाहतही नाही.

बोरॉनच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. निकेलच्या मिश्रधातूत ०.०१ टक्क्याच्या आसपास बोरॉन घातल्याने कठीणता जवळपास जागची हलत नाही, परंतु धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमा घट्ट राहतात आणि उष्णतेत भाराखाली हळूहळू ताणले जाण्याला धातू अधिक काळ तोंड देतो. आकडा वाढला नाही म्हणून उतावळा माणूस मात्रा वाढवतो, मग सीमांवर लवकर वितळणारी बोराइडे साचतात आणि वेल्डिंग करताना धातू तडकतो.

टायटॅनियम उघड्या भट्टीत टाकून लगेच नमुना घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बरेचसे टायटॅनियम ऑक्साइड होऊन धातूवर तरंगणाऱ्या मळीत गेलेले असते. आधी ॲल्युमिनियमने धातूतील ऑक्सिजन काढावा, मग टायटॅनियम घालावे आणि किती उरले ते रासायनिक तपासणीत पाहावे.

इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूत सुमारे पाच टक्के नायोबियम असते, तरी धातू मुरवल्याशिवाय ते कठीणता देत नाही. ७२० अंशांवर आठ तास, मग सावकाश ६२० अंशांपर्यंत उतरवून पुन्हा आठ तास, असा नेहमीचा क्रम आहे. संध्याकाळच्या गाडीत माल भरायचा म्हणून दुसरा टप्पा गाळणाऱ्यांचे मला नवल वाटते.

नमुन्याच्या पृष्ठावरची ऑक्साइडची खपली घासून काढल्याशिवाय कठीणता मोजू नये. आणि नमुना मऊ निघाला, म्हणजे रॉकवेलच्या कठीण धातूंसाठीच्या सी मापनपट्टीवर २० च्या खाली गेला, तर तो आकडा वहीत न लिहिता मऊ धातूंसाठीच्या बी मापनपट्टीवर पुन्हा मोजावा.